शिवरात्रीचा जागर आणि डेबूजीची बारा वर्षे

आज महाशिवरात्र. आपले बहुतेक सण पक्वान्नांच्या वासाने ओळखू येतात; या सणाची ओळख मात्र उपवासाने आणि जागरणाने होते. बडनेऱ्याच्या जुन्या आणि नव्या वस्तीतून पहाटेपासून माणसे कोंडेश्वराच्या वाटेला लागतात. डोंगरकपारीतले ते प्राचीन हेमाडपंती देवालय, हाती बेलपान आणि पाण्याचा तांब्या, मुखी शिवनाम, हे दृश्य आपल्या भागातील भाविकांच्या परिचयाचे आहे. घरोघरी आज व्याधाची कथाही सांगितली जाईल. सावजाची वाट पाहत तो बेलाच्या झाडावर रात्रभर बसला. झोप लागू नये म्हणून हाताला चाळा करीत राहिला आणि तोडलेली पाने खाली शिवलिंगावर पडत गेली. पूजा करावी असा त्याचा हेतू नव्हता. तो केवळ जागा राहिला होता आणि त्या जागेपणातच त्याचा उद्धार झाला, असे पुराणकार सांगतात.

याच तिथीला, शके १७९७ च्या माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, आपल्या अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात एक मूल जन्मास आले. पित्याचे नाव झिंगराजी जानोरकर, मातेचे सखूबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. पुढे अवघ्या महाराष्ट्राने त्याला गाडगे महाराज म्हणून ओळखले. महाराजांच्या चरित्राचा नकाशा काढला तर त्याच्या मध्याजवळ आपले बडनेरा येते. उत्तरेस अमरावती आणि त्यापलीकडे वलगाव, पश्चिमेस लोहमार्गाने मूर्तिजापूर आणि त्याजवळचे दापुरी, वायव्येस पूर्णेकाठचे ऋणमोचन आणि आणखी पुढे शेंडगाव. जन्म, बाळपण, सेवेचा प्रारंभ आणि देहावसान, सारे या टापूतच घडले. त्यांच्या धर्मशाळा आणि विद्यालये यांविषयी या पानावर पुष्कळ लिहिले जाते. आजच्या जागराच्या दिवशी मात्र त्यांच्या तरुणपणीच्या बारा वर्षांकडे वळावेसे वाटते. त्या काळात त्यांच्यापाशी संस्था नव्हती, अनुयायी नव्हते, नावही नव्हते. होते ते एक भान, आणि ते सुटू नये म्हणून चाललेली अखंड खबरदारी.

झिंगराजींचे घर मुळात खाऊनपिऊन सुखी होते. परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे देवाच्या नावाने बोकड कापावयाचे, नैवेद्य म्हणून दारू ठेवावयाची, आणि मग प्रसाद म्हणून तीच प्राशन करावयाची, असा क्रम चाले. देवाला लागते म्हणून घरात आलेली दारू घराच्या मालकालाच गिळून गेली. शेतीवाडी उतरणीला लागली, शरीर खंगले आणि १८८४ च्या सुमारास झिंगराजींनी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत त्यांना आपली चूक उमगली होती आणि डेबूला या देवांपासून व या व्यसनापासून दूर ठेव, असे त्यांनी पत्नीला विनविले होते, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. आठ वर्षांच्या मुलाने हे सारे डोळ्यांनी पाहिले. धर्माच्या नावाखाली माणूस कसा झोपी जातो आणि त्या झोपेत आपलेच घर कसे पेटवून देतो, याचा पहिला धडा त्याला असा घरातच मिळाला.

सखूबाई मुलाला घेऊन दापुरीला माहेरी आल्या. मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला. गोठा झाडावा, गुरे धुवावीत, वैरण घालावी, नांगर धरावा, आणि रात्री सवंगड्यांची भजनमंडळी जमवून टाळ कुटावेत, हे त्याचे दिवस होते. अक्षरओळख नव्हती. पोहण्यात मात्र हातखंडा होता. पुराच्या पाण्यात उडी घालणारा मुलगा म्हणून त्याची ख्याती होती. भजनाला बसताना जातीपातीचा विचार तो मनात आणीत नसे. १८९२ मध्ये कमालपूरच्या धनाजी परीट यांची कन्या कुंताबाई हिच्याशी त्याचा विवाह झाला.

पुढची काही वर्षे कष्टाची आणि दुःखाची होती. मामांनी सावकाराचे कर्ज काढले. ते फेडूनही कागद फिटेना, कारण लिहिणारा एक आणि अंगठा उठविणारा दुसरा. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे शेतात नांगर घालावयास आली तेव्हा तरुण डेबूजी एकटा त्यांच्यासमोर उभा ठाकला आणि त्याने त्यांना परतवून लावले. ही कथा दापुरीच्या परिसरात अजून सांगितली जाते. याच सुमारास वऱ्हाडावरून दोन मोठे दुष्काळ गेले, १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा. ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो हाच दुसरा. त्या काळात जे तरुण वयात आले त्यांनी माणसाला भाकरीसाठी काय काय करावे लागते ते जवळून पाहिले होते. महाराजांच्या कीर्तनात पुढे सावकार, कर्ज आणि निरक्षरता यांचा उल्लेख आल्याशिवाय राहत नसे, त्याचे मूळ येथे सापडते.

त्यांच्या पहिल्या मुलीच्या बारशाची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नातेवाईक जमले. अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण व दारू देणे हा पंक्तीचा मान समजला जाई. डेबूजीने पानावर गोडधोड वाढले. जात रागावली, वडीलधाऱ्यांनी बोल लावले, वाळीत टाकण्याची भाषाही झाली. तरीही तो नमला नाही. वादविवाद न करता, कुणाला न दुखविता, पण वाढलेले पान न बदलता तो हात जोडून उभा राहिला. पुढे लक्षावधी लोकांसमोर जे सांगावयाचे होते ते त्याने प्रथम स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या भाऊबंदांसमोर करून पाहिले. धर्मप्रचारास निघणाऱ्या अनेकांची गाडी नेमकी याच उंबरठ्यावर अडते असे दिसते. परगावी उपदेश करणे त्यांना जमते, स्वतःच्या सोयऱ्यांसमोर तोंड उघडत नाही.

शेतात काम करीत असता एक अपरिचित सिद्ध पुरुष डेबूजीला भेटला, काही काळ त्याच्या सहवासात राहिला आणि निघून गेला, असे चरित्रग्रंथांत आढळते. तो कोण, कोठला, याचा उलगडा कुणाला झाला नाही, आणि महाराजांनीही आपला कुणी गुरू असल्याचा डांगोरा कधी पिटला नाही. एवढे खरे की त्यानंतर डेबूजीचे लक्ष घरात लागेना. १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, घर झोपलेले असताना, एकोणतिसाव्या वर्षात असलेला हा गृहस्थ हाती काठी व मातीचे गाडगे घेऊन, अंगावर फाटके वस्त्र पांघरून बाहेर पडला. मागे वृद्ध आई, तरुण पत्नी आणि लहान मुली राहिल्या. गौतमाच्या महाभिनिष्क्रमणाचे वर्णन आपण गौरवाने वाचतो. परंतु कपिलवस्तूच्या राजवाड्यात अन्नाला तोटा नव्हता. दापुरीच्या घरात तो होता. सखूबाई आणि कुंताबाई यांनी त्या सकाळनंतर जे सोसले त्याचा हिशेब कोणत्याही चरित्रात पुरता आलेला नाही, आणि तो मनात ठेवूनच पुढची कथा वाचली पाहिजे.

या बारा वर्षांत त्यांची स्वारी कशी दिसे? अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती काठी किंवा खराटा. पायांत कधी काही नसे, असले तर दोन पायांत दोन तऱ्हेच्या वहाणा. तेच खापर भूक लागली की ताट होई आणि तहान लागली की पेला होई. कुणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कुणी चिंधेबुवा, कुणी गाडगेबुवा. पुष्कळ जण वेडाच म्हणत. या वेषाकडे आज आपण भक्तिभावाने पाहतो, त्याचे चित्र भिंतीवर लावतो. परंतु त्या वेषाचा मूळ उपयोग वेगळा होता. भगवी छाटी घालून गावात शिरले असते तर पाटलाने पाट मांडला असता, बायकांनी पाय धुतले असते, आणि तिसऱ्या दिवशी अंगारा मागावयास रांग लागली असती. आपल्या देशात साधूच्या वेषाला सन्मान आपोआप मिळतो आणि सन्मान मिळू लागला की माणसाचे स्वतःकडचे लक्ष उडते. महाराजांनी वेषच असा निवडला की समोरच्याने प्रथम हाकलूनच द्यावे.

गावात शिरताच ते कुणाच्या दारी बसत नसत. एखादा शेतकरी कडब्याच्या पेंढ्या वाहताना दिसला की त्याच्याबरोबर पेंढ्या वाहू लागावयाचे. एखाद्याची गाडी चिखलात रुतली असेल तर चाकाला खांदा द्यावयाचा. कुणी बाई लाकडे फोडीत असेल तर तिच्या हातची कुऱ्हाड घ्यावयाची. काम झाले आणि घरधनी मजुरी आणावयास आत गेला की तेवढ्यात हा माणूस नाहीसा झालेला असे. भाकरी मागावयाची ती श्रमानंतर. तीही शिळीपाकी, चटणी वा कांद्याबरोबर, आणि दाराबाहेर उभ्याने खावयाची. जात विचारली तर सांगत नसत. त्यामुळे कित्येक ठिकाणी विहिरीवरून, देवळाच्या पायरीवरून त्यांना मारून हाकलण्यात आले. मार खाऊन पुन्हा तेथलाच केर काढून ते पुढे जात. दिवसभर गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात नामघोष करावयाचा, हा क्रम हळूहळू बसत गेला.

झाडण्याच्या या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण त्यातच त्यांच्या सावधपणाची गुरुकिल्ली आहे. हातात खराटा धरून गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या माणसाला त्या गावाची जी माहिती होते ती वेशीपाशी हार घालून घेणाऱ्या प्रवचनकाराला होत नाही. कोणत्या घरामागे दारूचे शिंदाड आहे, कोणत्या देवीपुढे रक्ताचे डाग आहेत, कुणाचा मुलगा शाळेच्या वेळी गुरांमागे आहे, सावकाराच्या ओट्यावर कोण डोके धरून बसला आहे, महारवाड्याची विहीर किती लांब आहे, हे सारे झाडता झाडता डोळ्यांखालून जाई. मग रात्री कीर्तनाला उभे राहिले की बाहेरून आणलेले निरूपण सांगावे लागत नसे. त्याच गावातली गोष्ट, त्याच गावाच्या वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारीत विचारीत श्रोत्यांकडूनच वदवून घेतली जाई. गोपाळनामाचा गजर मधूनमधून चालूच असे. प्रश्न इतका साधा की उत्तर पोराटोरांनी द्यावे, आणि उत्तर दिल्यावर बापाने मान खाली घालावी. निरक्षर माणसाने उभी केलेली ही कीर्तनपद्धती पाहून मोठमोठे विद्वान थक्क होत. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. आपल्याच परतवाड्यास जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुण वयात त्यांच्या सहवासात राहिले, आणि त्यांनीही पुढे महाराजांवर लेखणी चालविली. हे दोघेही भाबडे लेखक नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

संन्याशाने एका गावी फार काळ राहू नये, हा आपल्या शास्त्रांचा जुना दंडक आहे. चातुर्मासाचा अपवाद सोडल्यास परिव्राजकाने वाहत्या पाण्यासारखे असावे, असे मानले जाते. जैन मुनी आणि बौद्ध भिक्षू यांच्याकडेही हाच नियम आढळतो. भगवान बुद्धांच्या अखेरच्या उपदेशाचा गाभा अप्रमाद हाच होता, म्हणजे गाफील न राहणे. स्वामी विवेकानंदांनीही १८९३ मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी काही वर्षे अनामिक परिव्राजक म्हणून भारतभर भ्रमण केले होते. गाडगे महाराजांनी हे ग्रंथ वाचले नव्हते. परंतु नियम मात्र त्यांनी कसोशीने पाळला. लोकांचा डोळा बदलला, हेटाळणीच्या जागी आदर दिसू लागला, कुणी पाय धरावयास वाकू लागले, की ते गाव सोडावयाची वेळ आली असे ते समजत. कीर्तन संपता संपता गर्दीतून निसटून जावे आणि श्रोते बुवा कुठे म्हणून शोधीत असताना ते पुढच्या गावच्या रस्त्याला लागलेले असावेत, असे कितीदा तरी घडले. पाया पडू पाहणाऱ्यांवर ते काठी उगारीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुष्कळांना तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. पण चोर घरात शिरताना दिसला तर घरधनी काठी उगारील तशीच ती काठी होती. पाया पडणाऱ्या भोळ्या माणसाशी त्यांचे भांडण नव्हते. त्या नमस्काराबरोबर आत शिरू पाहणाऱ्या गोष्टीवर त्यांची नजर होती.

त्यांनी कुणाला शिष्य केले नाही, मंत्र दिला नाही, गंडादोरा बांधला नाही. चमत्काराची वार्ता कानावर आली तर भर कीर्तनात तिची थट्टा करून ती मोडून काढीत. तरुण प्रचारकाला सर्वांत मोठा मोह असतो तो परिणाम दिसू लागल्याचा. शब्द खरे ठरू लागले, माणसे रडू लागली, दारू सोडू लागली, की आपल्यात काही विशेष आहे असे वाटू लागते. महाराजांच्या कीर्तनाने गावेच्या गावे दारूतून आणि पशुबळीतून सुटली. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कुठल्या तरी उकिरड्यापाशी खराटा घेऊन उभे असत. कीर्तनाच्या यशावर केर काढणे हाच उतारा त्यांना ठाऊक होता.

या बारा वर्षांतले आपल्या अगदी जवळचे स्थळ म्हणजे ऋणमोचन. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराच्या सान्निध्यात पौष महिन्यात रविवारी येथे यात्रा भरते. नदीचा काठ निसरडा, चिखलाचा. स्नानास उतरणारी म्हातारी माणसे घसरून पडत, बायका ओल्या लुगड्यांनी धडपडत. हजारो भाविक दरवर्षी हे पाहत होते, आणि पुण्यस्नान आटोपून घरी जात होते. चिंध्या पांघरलेला एक तरुण मात्र फावडे घेऊन उतारावर पायऱ्या खणू लागला, त्यावर कोरडी वाळू टाकू लागला. यात्रेला आलेल्या आई आणि पत्नी यांच्या दृष्टीस तो तेथेच पडला. त्या माउलींना काय वाटले असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. त्यांनी घरी चलण्याचा आग्रह केला. तो मोडताना महाराजांचा कसोटीचा क्षण गावकऱ्यांच्या मारापेक्षाही कठीण असला पाहिजे. ते परतले नाहीत. १९०८ मध्ये लोकवर्गणीतून तेथे पक्का घाट उभा राहिला. त्यांच्या हातून उभे राहिलेले हे पहिले मोठे सार्वजनिक काम. वर्गणी गोळा झाली तरी पैशाला त्यांनी आपला हात लागू दिला नाही. चार जाणत्या माणसांच्या स्वाधीन रक्कम करावयाची आणि आपण टोपले उचलावयाचे, ही रीत येथेच पडली. पुढे लक्षावधी रुपयांचे व्यवहार त्यांच्या शब्दावर झाले तेव्हाही ती बदलली नाही.

तीर्थाचे नाव ऋणमोचन, आणि ज्याच्या मामाचे घर ऋणाने बुडाले त्याने तेथे घाट बांधावा, हा योगायोग कुणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही. असो.

पंढरपूरच्या वारीला ते वर्षानुवर्षे गेले. पण देवळाच्या रांगेत त्यांना कुणी पाहिले नाही. वाळवंटात झाडू मारावा, आंधळ्यापांगळ्यांना जेवू घालावे, रात्री चंद्रभागेकाठी कीर्तन करावे आणि परतावे, एवढीच त्यांची वारी. विठोबाच्या दाराशी ज्यांना त्या काळी प्रवेश नव्हता त्या भाविकांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. पावसाच्या चिखलात, उघड्यावर, लेकराबाळांसह ही माणसे एकादशी काढीत. १९१७ मध्ये त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मंदिराचे दार सर्वांसाठी उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. त्याआधी तीस वर्षे एका निरक्षर परिटाने निदान निजावयास छप्पर करून ठेवले होते. ही धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. देवाच्या दर्शनास न जाणाऱ्या या वारकऱ्याला नास्तिक म्हणणारेही त्या काळी निघाले. भाविक घरांतून आजही कधी कधी तसा सूर ऐकू येतो. त्यांनी दगडाच्या देवापेक्षा भुकेल्या माणसाकडे बोट दाखविले हे खरेच आहे, आणि ते ऐकताना आपल्यासारख्यांना थोडे अवघडल्यासारखे होते हेही खरे आहे. परंतु ज्याच्या कीर्तनाचा प्रारंभ आणि शेवट नामघोषाने होई त्याला नास्तिक म्हणणे धाडसाचे ठरेल.

१९०५ ते १९१७ ही त्यांच्या तपाची वर्षे मानली जातात. त्यानंतर कार्याचा पसारा वाढला. आपण जागे राहिलो की नाही याची परीक्षा मात्र तपाच्या काळात होत नाही, ती नंतर होते. अशी परीक्षा ५ मे १९२३ रोजी आली. महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते. समोर श्रोत्यांचा समुदाय. इतक्यात त्यांचा एकुलता एक उरलेला पुत्र गोविंदा वारल्याचे वृत्त त्यांच्या हाती आले. कीर्तन थांबले नाही. कोट्यवधी जीव येतात आणि जातात, त्यांत एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी निरूपणाचा धागा पुन्हा हाती घेतला. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातील कठोरपणा खुपणारे वाचकही असतील आणि त्यांचे काही चुकते असे म्हणवत नाही. बाप म्हणून त्या रात्री त्यांच्या मनात काय उसळले ते कुणी पाहिलेले नाही. एक मात्र ध्यानात घ्यावे. घर सोडताना त्यांनी मुलांची माया तोडून टाकली होती असे म्हटले, तर त्या रात्री काही अवघड घडलेच नाही असे होईल. माया होती, म्हणूनच ती रात्र स्मरणात राहिली. दापुरीकडे जेव्हा जेव्हा बातमी गेली असेल तेव्हा कुंताबाईंना मात्र सावरावयास समोर श्रोते नव्हते आणि नामघोषही नव्हता.

धर्मशाळा वाढत गेल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, मूर्तिजापूरला गोरक्षण, ठिकठिकाणी अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे. इतक्या इमारती उभारणाऱ्या पुरुषाची पत्नी झोपडीत राहत होती. महाराज स्वतः आपल्याच धर्मशाळेत मुक्कामाला न थांबता बाहेर, मिळेल तेथे पडत. संस्थांचे विश्वस्त नेमावयाचे, कागदोपत्री आपला व आपल्या नातलगांचा हक्क कुठे राहणार नाही अशी तजवीज करावयाची आणि मोकळे व्हावयाचे. निरक्षर असूनही कागदाविषयी त्यांची दृष्टी कमालीची तीक्ष्ण होती. अंगठ्याने बुडालेले घर ते विसरले नव्हते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व कार्यासाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. मिशन हा शब्द आपल्याकडे प्रथम ख्रिस्ती धर्मोपदेशकांबरोबर आला आणि १८९७ मध्ये विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन काढल्यावर तो आपला झाला. महाराजांच्या बाबतीत ते नाव सत्तेचाळीस वर्षे उशिरा लागले. काम १९०५ च्या त्या पहाटेपासूनच चालू होते.

त्यांच्याहून तेहतीस वर्षांनी लहान असलेले आपल्याच जिल्ह्याचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीच्या साथीने जनजागृती करू लागले तेव्हा वऱ्हाडाच्या रस्त्यांवर या दोन्ही विभूती एकाच काळी वावरत होत्या. एकाचे शस्त्र खंजिरी, दुसऱ्याचे खराटा. त्या पिढीचे भाग्य खरोखर थोर.

अखेरपर्यंत महाराज चालतच राहिले. मधुमेह आणि इतर व्याधींनी शरीर पोखरले होते, तरी ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले, आणि सुदैवाने ते ध्वनिमुद्रित होऊन राहिले. ऐंशी वर्षांच्या त्या आवाजात थकवा आहे, पण समोरच्या माणसाने उत्तर दिले नाही तर त्याला सोडावयाचे नाही ही जुनी सवय जशीच्या तशी आहे. महिन्याभरात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकर निवर्तले. त्यांच्यावर महाराजांचा फार लोभ होता. प्रकृती झपाट्याने ढासळू लागली. अमरावतीला नेले जात असता वाटेत वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याने एका गावी मुक्काम केला नाही त्याला मृत्यूही दोन गावांच्या मध्ये, वाटेवरच यावा, हे वऱ्हाडातील लोक अजून नवलाने सांगतात.

अमरावतीत अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या समुदायात बडनेऱ्याहून पायी गेलेली माणसेही पुष्कळ होती. अंतर असे कितीसे, अवघे अडीच-तीन कोस. शेतमजूर, हमाल, परीट, गवळी, शाळामास्तर, व्यापारी, सारे एका ठिकाणी आले. ज्या भागात त्यांना निरोप देण्यात आला तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो, आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही पुढे अक्षरशत्रू म्हणून वाढलेल्या या पुरुषाचेच नाव देण्यात आले. २००० साली सुरू झालेल्या राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाने त्यांच्या नावाचा खराटा खेडोपाडी पोहोचविला. महाराजांनी मात्र आपले देऊळ, पुतळा, समाधी काही उभारू नये असे सांगून ठेवले होते. त्यांच्या जवळच्यांनी आणि वऱ्हाडच्या जनतेने त्यांच्या बहुतेक आज्ञा शिरोधार्य मानल्या. ही एक मात्र कुणाच्याने पाळवली नाही. गाडगेनगरला समाधी झाली, आणि दरवर्षी २० डिसेंबरच्या सुमारास तिथे पाया पडावयास रांग लागते. काठी उगारावयास आता कुणी नाही.